ट्रेगेलाची माणसं घाबरत नाहीत

नोला ट्रॅस्क बोलायला लागली की नवख्या माणसाला वाटे, हिला आपला राग आलाय. तसं काही नसे. तिचं बोलणंच तुटक होतं. निम्मं सांगायचं आणि उरलेलं ऐकणाऱ्यावर सोपवायचं. तिच्या घरात हा गुण कुणाचाच नव्हता. आई आयव्ही कोंबड्यांना दाणे टाकतानाही त्यांच्याशी गप्पा मारी, आणि बाप क्लॅरी थट्टा केल्याशिवाय मीठसुद्धा मागत नसे. नोलाला ही सवय लागली ती एका लेखकामुळे, वयाच्या अकराव्या वर्षी, आणि ती पुढे जन्मभर पुरली.

येलाबी हे मेंढ्यांचं रान. क्षितिजापर्यंत करडं, खुरटं गवत, मध्ये एक पत्र्याचं घर, आणि शेजार म्हणावा तर लॉरीने दीड-दोन तासांवर. शहरातल्या बायकांची एक मंडळी अशा रानांतल्या बायकांसाठी पुस्तकांच्या पेट्या पाठवत असे. टपालाच्या ट्रकमधून पेटी यायची, महिनाभर राहायची आणि पुढच्या रानात जायची. त्या वेळच्या पेटीत बहुतेक प्रेमकथाच होत्या. त्यांच्या तळाशी पुठ्ठा निघालेलं एक पुस्तक होतं. आईला ते नको होतं म्हणून नोलाने उचललं. मॉरिस ट्रेगेला नावाच्या माणसाने लिहिलेलं. एक गुराखी आपलं कुटुंब गाडीत घालून हजारभर बैल हाकत देश ओलांडतो आणि त्याची मुलगी ते सांगते, अशी गोष्ट. पहिलं वाक्य असं होतं:

‘तिसऱ्या दिवशी बाबांनी कुत्र्याला हाक मारली नाही, आणि आईने त्याच्यासाठी हाडं वेगळी काढणं बंद केलं.’

नोला पुढे वाचत गेली. अर्धं पान झाल्यावर थांबली आणि परत पहिल्या वाक्यावर आली. कुत्रा मेला होता. मेला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तिला आपलं आपण कळलं होतं. कुणीतरी मोठ्या माणसाने आपल्याला शहाणं समजून गुपित सांगावं, तसं तिला वाटलं. ती फाटकापाशी उभी होती तशीच उभी राहिली.

“पोरी,” ट्रकवाला पर्सी म्हणाला, “मी गाडी वळवून घेऊ, का तुझ्या अंगावरून नेऊ?”

नोला वर न बघता बाजूला झाली.

पेटी परत जाईपर्यंत तिने ते पुस्तक तीनदा वाचलं. गोष्ट एकदा कळल्यावर दुसऱ्यांदा कशाला वाचायचं, असं आयव्हीला वाटे. पण नोलाला गोष्टीचं एवढं नव्हतं. हा माणूस सांगतो कसा, हे तिला बघायचं होतं. ट्रेगेला कधीही ‘ती दुःखी झाली’ असं लिहीत नसे. ती बाई धुतलेला पेला पुन्हा धूत असे. कुणी घाबरलं असं तो लिहीत नसे. माणूस खिशातली तंबाखू काढी, बघे आणि परत ठेवी. मोठं काही घडायच्या आधी त्याच्या पुस्तकात हमखास चहाला आधण ठेवलं जाई. हे नोलाला तिसऱ्या वाचनात उमगलं. त्यानंतर घरात आईने किटली चुलीवर ठेवली तरी ती मान वर करून बघू लागली.

मग तिचं बोलणं बदललं. जेवताना क्लॅरीने विचारलं, “काय ग, मटण कसं झालंय?”

“दुसऱ्यांदा वाढून घेतलं,” नोला म्हणाली.

“ही बोलते की तार पाठवते?” क्लॅरी बायकोला म्हणाला. “एका शब्दाला किती पैसे पडतात ग पोरी? सांग म्हणजे मीही जपून बोलेन.”

शाळा रेडिओवर भरायची. मास्तरीणबाई मिस हॅव्हर्टी दूरच्या गावातून शिकवत आणि रानारानांतली मुलं आपापल्या घरच्या संचासमोर बसून उत्तरं देत. नाताळावरचा निबंध नोलाने वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘या वर्षी आजोबांची खुर्ची आम्ही भिंतीला लावून ठेवली.’

“छान आहे, नोला,” मिस हॅव्हर्टी म्हणाल्या, “पण आजोबांना काय झालं ते लिहायचं राहिलं ना?”

“खुर्ची भिंतीला लावली, मिस.”

“हो, पण ते वारले म्हणून तुला किती वाईट वाटलं, ते नको का लिहायला?”

“ते खुर्चीत आहे, मिस,” नोला म्हणाली. मिस हॅव्हर्टींनी भूगोल काढला.

हा संच मुळात विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांच्या तळाशी बोलता यावं म्हणून प्रत्येक घरात बसवलेला होता. सकाळी आजाऱ्यांची विचारपूस, मग तारा, मग शाळा, आणि दुपार कलली की बायकांच्या गप्पा. या गप्पांच्या वेळेला सगळेजण काकाकुवांचा तास म्हणत, कारण झाडावर उतरलेला काकाकुवांचा थवा आणि या बायका यांत ऐकणाऱ्याला फरक कळत नसे. पुरुष तसं म्हणत आणि ओसरीत बसून जिवाचा कान करून ऐकत. एक नियम मात्र पाळावा लागे. बटण दाबलं की बोलता येई, पण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचं ऐकू येत नसे. दोघींनी एकदम दाबलं तर दोघींचंही बुडे आणि बाकीच्यांना नुसती शिट्टी ऐकू येई. म्हणून बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं आणि बोट उचलायचं.

त्या उन्हाळ्यात कोरोंगा रानातल्या डल्सी प्रिवेट खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. साठीची बाई, नाकावर माशी बसू न देणारी. संच त्यांच्या उशाशी आणून ठेवला होता आणि त्यामुळे तासभर सगळ्यांवर त्यांचं राज्य चाले.

“कुणीतरी काहीतरी वाचा ग,” त्या एके दिवशी म्हणाल्या. “थेल्माच्या कोंबड्यांच्या कथा ऐकून माझं दुसरं हाड मोडेल. ओव्हर.”

“माझ्या कोंबड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?” थेल्मा गॉस म्हणाली. ती येलाबीच्या दक्षिणेला राहायची, दोन्ही रानांच्या मधून एक कोरडा ओढा जात असे. “निदान अंडी तरी देतात. तुम्ही नुसत्या शिव्या देता. ओव्हर.”

नोलाने बटण दाबलं आणि सांगितलं की आपण वाचू. ट्रेगेलाचं पुस्तक पुढच्या पेटीत पुन्हा मागवून घेतलेलं होतं.

तेव्हापासून रोज एक प्रकरण. पहिल्या आठवड्यात डल्सीबाईंना ते मुळीच पटलं नाही.

“थांब, थांब. पोर तापाने फणफणलंय आणि ही बाई गाडीच्या चाकाला वंगण लावत बसते? रडत नाही? ओव्हर.”

“चाकाला वंगण तिने सकाळीच लावलं होतं, डल्सीकाकू. आता पुन्हा लावतेय. त्यातच तर रडणं आहे. ओव्हर.”



“हं,” डल्सीबाई म्हणाल्या. “पण या तुझ्या ट्रेगेलाला आयुष्यात घाबरलेला माणूस भेटलाच नाही का? एकही माणूस ‘मेलो’ म्हणत नाही की ‘बाई ग’ म्हणत नाही. माझं हाड मोडलं तेव्हा माझं ओरडणं डॉक्टरांच्या तळापर्यंत ऐकू गेलं असेल, संच न लावता. ओव्हर.”

“ट्रेगेलाची माणसं घाबरत नाहीत,” नोला अभिमानाने म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात डल्सीबाई आदल्या दिवशीचं शेवटचं वाक्य स्वतः म्हणून दाखवू लागल्या. तिसऱ्यात थेल्मा चहाचं आधण आलं की ओरडू लागली, “आलं ग बाई आधण! आता कुणाची तरी गत होणार!” दहा-बारा घरांत इस्त्र्या थंड पडू लागल्या. पुस्तकातल्या मुलीचे बाबा धुळीच्या वादळात बैल शोधायला घोड्यावरून गेले, तिथे नोला एका सोमवारी थांबली.

मंगळवारी सकाळी क्लॅरी ट्रॅस्क ड्यूकवर खोगीर चढवून उत्तरेकडची पवनचक्की बघायला निघाला. पंपाचं पाणी कमी झालं होतं. आयव्ही कोंबड्यांकडे होती.

“चक्कीचं काम लवकर झालं तर खाली ओढ्याकडचं कुंपणही बघून येईन,” तो नोलाला म्हणाला. “आईला बोलू नकोस. म्हणेल, उन्हात वितळून सरबत व्हायचंय का. मी म्हणेन, झालोच तर तुलाच पाजीन.”

दुपारी, सावल्या लांबायला लागल्यावर, ड्यूक एकटाच फाटकाशी आला. खोगीर सरकून पोटाखाली गेलं होतं आणि एक लगाम तुटलेला होता. आयव्हीने एकदाच बघितलं. पाण्याच्या पिशव्या लॉरीत टाकल्या, कुत्र्याला चढवलं.

“तू संचाजवळ बस. सगळ्यांना सांग. हलू नकोस,” ती म्हणाली आणि गाडी सुरू केली. लॉरी उत्तरेकडे धूळ उडवत गेली. ती धूळ विरत असताना नोलाच्या लक्षात आलं की आई पवनचक्कीकडे चाललीय आणि बाबा कदाचित ओढ्याकडे आहेत, म्हणजे अगदी उलट दिशेला. ती फाटकापर्यंत धावली. मग परत आली. ओढ्याची गोष्ट जगात तिच्या एकटीलाच माहीत होती.

संच सुरू केला तेव्हा काकाकुवांचा तास नुकताच सुरू झाला होता. नोलाने बटण दाबलं. काय सांगायचं ते तिला माहीत होतं, पण सांगायला तिच्याजवळ आता एकच भाषा उरली होती. गेले कित्येक महिने ती दुसऱ्या कुठल्या भाषेत विचारच करत नव्हती.

“येलाबी,” ती म्हणाली. “बाबांचं घोडं एकटंच आलंय. खोगीर पोटाखाली गेलंय. आई बाहेर पडलीय. ती चुकीच्या बाजूला गेलीय. ओव्हर.”

तिने बोट उचललं.

“अग बाई!” थेल्माचा आवाज आला. “मला वाटलंच होतं! वादळात जायची काय गरज होती त्या मेल्याला? बैल कुठे पळून जात होते? ओव्हर.”

“आज लवकर सुरू केलंस ग,” कुणीतरी दुसरी म्हणाली. “जरा दम धर, माझे हात पिठात आहेत. पण काय वाक्य आहे! ‘आई बाहेर पडलीय.’ बस, एवढंच! ओव्हर.”

“हे पुस्तकातलं नाही,” नोला बटण दाबून म्हणाली. “हे आमच्याकडचं आहे. बाबा ओढ्याकडे आहेत. ओव्हर.”

पण त्याच क्षणी थेल्मानेही बटण दाबलं होतं. बाकी सगळ्यांना फक्त एक लांब शिट्टी ऐकू गेली. नोलाला ते कळायचा मार्ग नव्हता. आपण सांगितलं, असं तिला वाटत होतं. तिने बोट उचललं तेव्हा थेल्मा म्हणत होती, “...आणि बघा तुम्ही, आता ती बाई घरी येऊन चहा टाकणार. पैज लावते. एक डझन अंडी. ओव्हर.”

त्यावर दोघी-तिघी हसल्या.

नोलाने संचाकडे बघितलं. आपण सांगितलं आणि यांनी ऐकून घेतलं आणि तरीही या हसताहेत, असा तिचा समज झाला. सांगण्यासारखं होतं ते सगळं सांगून झालं होतं. घोडं, खोगीर, आई, ओढा. ट्रेगेलाने याहून एक शब्द जास्त लिहिला नसता. तिने पुन्हा बटण दाबलं.

“मला भीती वाटतेय,” ती म्हणाली. “मला खूप भीती वाटतेय. कुणीतरी या ना.”

‘ओव्हर’ म्हणायला ती विसरली. बोट मात्र आपोआप सुटलं.

मग डल्सी प्रिवेट बोलल्या, एरवीपेक्षा हळू.

“सगळ्यांनी बटणावरचे हात काढा. थेल्मा, तू आधी. हे ट्रेगेलाचं वाक्य नाही. त्याची माणसं असलं कधी बोलत नाहीत, मी महिनाभर हेच ओरडतेय. हे पोरीचं आहे. नोला, बाळ, क्लॅरी हरवलाय का? साधं सांग. चांगलं नको सांगूस. ओव्हर.”

नोलाने सांगितलं. ते सांगणं अगदी वाईट होतं. मागचं पुढे, पुढचं मागे, मध्येच ‘आईला बोलू नको म्हणाले होते’ आणि मध्येच हुंदके. पण ओढा, दक्षिणेकडचं कुंपण आणि सकाळपासून पाण्याची एकच पिशवी, हे तीनदा आलं आणि सगळ्यांना कळलं.

“अल्फ गाडीखाली झोपलाय, त्याला लाथ घालून उठवते,” थेल्मा म्हणाली आणि ‘ओव्हर’ न म्हणताच नवऱ्याला उठवायला गेली. तळावर संच सांभाळणारा लेन मध्ये बोलला. डॉक्टर तिथेच होते. क्लॅरी सापडला की त्याला काय करायचं आणि काय नाही करायचं, ते त्यांना विचारून लेनने थेल्माच्या संचाजवळ बसलेल्या मुलीला सांगून ठेवलं. डल्सीबाई संचावरून हलल्या नाहीत. हलता येतच नव्हतं म्हणा. आयव्ही परत येईपर्यंत त्यांनी नोलाला बोलतं ठेवलं. ड्यूकला पाणी पाज, जाऊन ये, मी आहे. खोगीर काढलंस? काय रंगाचं आहे ते? कुत्र्याचं नाव काय? उत्तर लांबलचक हवं, असा त्यांचा हट्ट होता. एका शब्दात उत्तर दिलं तर पुन्हा विचारत.

सूर्य टेकायच्या आधी अल्फ गॉसला क्लॅरी सापडला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, कडेच्या झाडाच्या जेमतेम सावलीत. मांडीचं हाड मोडलं होतं. तिथपर्यंत तो सरपटत आला होता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर विमान उतरलं. आणखी एक दिवस असाच उन्हात गेला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही.

क्लॅरी इस्पितळातून प्लास्टरसकट घरी आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. मधल्या काळात नोलाने काकाकुवांच्या तासाला वाचलं नव्हतं. डल्सीबाईंनी एकदा विचारलं, नंतर विचारलं नाही. पुस्तक परत पाठवायची वेळ टळून गेली होती आणि पर्सीने त्याबद्दल काही न बोलता पेटी त्याशिवायच नेली.

ओसरीत पडून पडून क्लॅरी कंटाळला. तो आयुष्यात मेंढ्यांच्या बाजारभावापलीकडे काही वाचणाऱ्यांतला नव्हता.

“तुझा तो माणूस वाचून दाखव,” तो नोलाला म्हणाला. “म्हणे त्याच्यामुळे मी जवळजवळ मेलो. बघू तरी कोण आहे.”

नोलाने पहिल्यापासून वाचायला घेतलं. क्लॅरी डोळे मिटून ऐकत असे. झोपला असं वाटे, पण कुत्र्याच्या वाक्यापाशी तो म्हणाला, “मेला ना? असंच असतं.” अनेक दिवस गेले. बाबा वादळात गेलेल्या प्रकरणापाशी नोला अडखळली, पण तिने वाचलं. पुढच्या प्रकरणात ते सापडतात. दगडाला टेकून बसलेले असतात, पाय वाकडा झालेला असतो. शोधायला आलेल्याला ते ‘उशीर केलास’ एवढंच म्हणतात.

“बरं लिहितो,” क्लॅरी म्हणाला. “पण हा कधी घोड्यावरून पडलेला नाही.”

“कशावरून?”

“पडलेला माणूस ओरडतो, पोरी. मी दुपारभर ओरडत होतो.”

नोलाने पुस्तकात बोट ठेवलं.

“अल्फकाका आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

क्लॅरीने डोळे उघडले आणि थोडा ओशाळला. “म्हटलं, उशीर केलास.”

“बघा! तेच लिहिलंय त्याने!”

“अग, अल्फसमोर रडू का मी? तो गावभर सांगेल. अल्फ आला तेव्हाचं तुझ्या माणसाने बरोबर लिहिलंय. अल्फ यायच्या आधीचं त्याला कुणी सांगितलंच नसेल. मला तरी कोण विचारतंय?”

ओसरीपलीकडे आयव्ही कोंबड्यांना रागावत होती. नोलाने पान उलटलं नाही. पुस्तक तसंच मांडीवर ठेवलं.

“काय ओरडलात?” तिने विचारलं.

“आधी घोड्याला शिव्या,” क्लॅरी म्हणाला. “मग तुझ्या आईला हाका. मग तुला. तू घरी होतीस हे माहीत असून.” तो थांबला. नोला बघतच होती, म्हणून त्याने पुढे सांगायला घेतलं.